विम्याची मर्यादा कुणावर आहे, ते आधी पाहा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : आम्ही टेक्ससमध्ये डॅलसजवळ प्लेनो येथे राहतो. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. यजमान (वय 46) 31 ऑगस्टला नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करीत आहेत. त्यांना मधुमेह व रक्तदाब आहे. मी 43 वर्षांची आहे. मुलगी 15 आणि मुलगा 9 वर्षांचा आहे. एप्रिलमध्ये मुलीच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली असून तिची फिजिओथेरपी अजून चालू आहे. कार्यालयाच्या विम्यासाठी आमच्या पगारातून महिन्याला 520 डॉलर कापले जात. तोच विमा कोब्राखाली (नोकरी सुटल्यावर तो स्वखर्चाने चालू ठेवण्याचा कायदेशीर हक्क) चालू ठेवायचा तर 2,350 डॉलर पडतील. मार्केटप्लेसवर (सरकारी विमा-बाजाराच्या संकेतस्थळावर) पाहिलेल्या ब्राँझ योजनेचा हप्ता 1,650 डॉलर आहे, पण तिचे डिडक्टिबल (आधी आपणच भरायची रक्कम) माणशी 7,000 आहे. एका एजंटने मात्र फोनवर 389 डॉलरची योजना सांगितली : डिडक्टिबल नाही, कोणताही डॉक्टर चालतो, पहिल्या दिवसापासून संरक्षण, फक्त निर्णय आजच कळवा. 7,000 डॉलर आपणच भरायचे असतील तर विमा घ्यायचा तरी कशाला, असे यजमान म्हणतात. मोठे काही निघाले तर पुण्याला जाऊन उपचार घेऊ, असेही त्यांचे मत आहे. पुढच्या उन्हाळ्यात सासू-सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. कोणती योजना खरी ‘मेजर मेडिकल’ म्हणायची?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत फोनवरच्या योजनेचे माहितीपत्रक आणि मुलीच्या शस्त्रक्रियेचा हिशेब असे दोन्ही कागद पाठवलेत, त्यामुळे मोघम बोलण्याची गरज उरली नाही. फोनवरची योजना घेऊ नका. तुमची परिस्थिती पाहता डिसेंबरअखेरपर्यंत कोब्रा आणि 1 जानेवारीपासून मार्केटप्लेसची योजना, हा मार्ग मला योग्य वाटतो. महिन्याचा हप्ता पाहिला तर हा सल्ला उलटा वाटेल, कारण सर्वांत महाग पर्याय मी सर्वांत आधी सुचवीत आहे. म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो.

प्रत्येक विम्यात कुठेतरी एक मर्यादा असते, आणि ती कुणावर घातलेली आहे हे पाहिले की योजनेची जात कळते. खऱ्या मेजर मेडिकल विम्यात ती तुमच्या खर्चावर असते : वर्षभरात तुमच्या खिशातून अमुक रकमेपेक्षा अधिक जाणार नाही, पुढचे सगळे कंपनी देईल. दुसऱ्या प्रकारात ती कंपनीच्या खर्चावर असते : कंपनी अमुक इतकेच देईल, पुढचे सगळे तुम्ही द्याल. पहिल्या प्रकारात मोठ्या आजाराची धास्ती कंपनीने घ्यायची असते आणि दुसऱ्यात ती तुमच्याकडेच राहते, मग माहितीपत्रकावर कितीही मोठ्या अक्षरांत ‘हेल्थ प्लॅन’ छापलेले असो.

या दोन जाती कशा झाल्या, हे थोडे मागे गेल्याशिवाय नीट उमगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतला सर्वसाधारण विमा रुग्णालयातील ठरावीक दिवसांचे भाडे आणि शस्त्रक्रियेचे ठरलेले शुल्क एवढेच देत असे. मोठ्या आजारात ते पुरेना, तेव्हा 1950च्या दशकात त्या तळमजल्यावर ‘मेजर मेडिकल’ नावाचा दुसरा मजला चढवण्यात आला : सुरुवातीची काही रक्कम रुग्णाने भरायची, ती झाली डिडक्टिबल, त्यापुढच्या खर्चात रुग्णाने काही टक्के वाटा उचलायचा, तो झाला को-इन्शुरन्स, आणि उरलेला मोठा भाग कंपनीने द्यायचा. पुढे दोन्ही मजले मिळून एकच योजना विकली जाऊ लागली, तीच कॉम्प्रिहेन्सिव्ह मेजर मेडिकल. तरीही अनेक योजनांत कंपनीच्या बाजूला आजीवन मर्यादा उरलीच होती, कुठे दहा लाख डॉलरची, कुठे वीस लाखांची. कर्करोगाचा किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा उपचार ती ओलांडून जाई. 23 मार्च 2010 रोजी सही झालेल्या अफोर्डेबल केअर ॲक्टने, म्हणजे ज्याला आपण ओबामाकेअर म्हणतो त्या कायद्याने, अत्यावश्यक सेवांवरच्या अशा डॉलरच्या मर्यादा काढून टाकल्या आणि उलट रुग्णाच्या खर्चाला वार्षिक कमाल मर्यादा घातली. हिलाच आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणतात. सरकार तिचा आकडा दरवर्षी ठरवते. 2025 साठी तो एका व्यक्तीला 9,200 आणि कुटुंबाला 18,400 डॉलर होता. योजना कुटुंबाची असली तरी एकट्या माणसाचा खर्च व्यक्तीच्या मर्यादेपुढे जाऊ शकत नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

आता मुलीच्या शस्त्रक्रियेचा कागद समोर घ्या. रुग्णालयाने आकारलेली रक्कम 62,400 डॉलर आहे, आणि त्याखाली विमा कंपनीने मान्य केलेली रक्कम 23,800 आहे. हा फरक कुणी भरलेला नाही, तो नाहीसा झाला आहे. कारण नेटवर्कमधल्या रुग्णालयाने कंपनीशी केलेल्या करारातच तो दर ठरलेला असतो. तुमच्या मुलीची 5,000 डॉलरची व्यक्तिगत मर्यादा त्या एका शस्त्रक्रियेत पूर्ण झाली आणि बाकीचे 18,800 कंपनीने दिले. हीच शस्त्रक्रिया तुम्ही पाहिलेल्या ब्राँझ योजनेखाली झाली असती, तर आधी 7,000 चे डिडक्टिबल आणि मग उरलेल्या 16,800 वर को-इन्शुरन्सचे 40 टक्के म्हणजे 6,720, असे 13,720 डॉलर होतात. पण त्या योजनेची कमाल मर्यादा 9,200 असल्यामुळे तुम्हाला 9,200 च भरावे लागले असते. रक्कम मोठी आहे, हे मी नाकारत नाही, पण ती आधीपासून माहीत असलेली रक्कम आहे.

फोनवरच्या योजनेने काय दिले असते? तिच्या माहितीपत्रकात रुग्णालयात दाखल असल्यास दिवसाला 1,000, शस्त्रक्रियेला 2,500, भूल देण्यासाठी 500 आणि डॉक्टरच्या भेटीला 75 डॉलर, त्याही वर्षातून पाचच, असे दर आहेत. मुलगी सकाळी गेली आणि संध्याकाळी घरी आली, म्हणजे ‘दाखल’ झालीच नाही. तेव्हा दिवसाचे 1,000 गेले. हाती आले असते 3,000. कराराचा सवलतीचा दर मिळाला असे धरले तरी 20,800 डॉलर तुमच्या माथी आले असते, आणि तो मिळाला नसता तर 59,400. ‘डिडक्टिबल नाही’ हे एजंटचे म्हणणे खोटे नाही, ते निरर्थक आहे. जिथे कंपनीनेच ठरावीक रक्कम देऊन हात वर करायचे आहेत तिथे डिडक्टिबल हवे कशाला? ‘कोणताही डॉक्टर चालतो’ याचेही तसेच आहे. डॉक्टर कोणताही असो, कंपनी 75 डॉलरच देणार. या योजनांना फिक्स्ड इन्डेम्निटी म्हणतात, आणि त्या म्हणजे वर सांगितलेल्या इमारतीचा नुसता तळमजला आहेत. त्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, आधीपासून असलेल्या आजारांवर पहिले 12 महिने लाभ नाही असेही छापले आहे; म्हणजे तुमच्या यजमानांचा मधुमेह आणि मुलीचा गुडघा दोन्ही बाहेर. मार्केटप्लेसच्या योजनेला असे करण्यास कायद्याने मनाई आहे : आजारपणामुळे नाकारता येत नाही, हप्ताही वाढवता येत नाही.

अशा योजना विकणे बेकायदा नाही, मेजर मेडिकल म्हणून विकणे मात्र फसवणूक आहे. फ्लोरिडातील सिम्पल हेल्थ प्लॅन्स ही कंपनी नेमके हेच करीत होती, असा आरोप ठेवून ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 2018 साली न्यायालयामार्फत तिचा कारभार थांबवला, आणि 2024 मध्ये न्यायालयाने तिच्याविरुद्ध 19 कोटी 50 लाख डॉलरचा निकाल दिला. ‘आजच कळवा’ असे जो म्हणतो त्याच्याकडे फक्त एक कागद मागावा : समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज. प्रत्येक मेजर मेडिकल योजनेला हा कागद एकाच ठरलेल्या साच्यात द्यावा लागतो. त्याच्या पहिल्याच पानावर डिडक्टिबल किती, आउट-ऑफ-पॉकेट मर्यादा किती, तिच्यात काय धरले जात नाही आणि नेटवर्क आहे का, हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे असतात; शेवटी बाळंतपण, टाइप 2 मधुमेहाचे वर्षभराचे उपचार आणि साधे हाड मोडणे या तीन उदाहरणांत रुग्णाला किती भरावे लागेल याचा हिशेब असतो. तुमच्या यजमानांसाठी त्यातले दुसरे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. कागद मागितल्यावर एजंट विषय बदलू लागला, तर समजायचे ते समजावे. अल्प मुदतीच्या योजना आणि धार्मिक संस्थांच्या खर्चवाटप मंडळ्या यांच्या जाहिरातीही याच सुमारास तुमच्यापर्यंत पोहोचतील. पहिल्यांना आधीचे आजार नाकारण्याची मुभा असते आणि दुसऱ्या कायद्याने विमाच नसतात, म्हणजे पैसे देण्याचे बंधन कुणावरच नसते.

यजमानांच्या प्रश्नाला आता उत्तर देणे सोपे जाईल. डिडक्टिबल भरेपर्यंत विमा काहीच करीत नाही, असे नाही. पहिल्या डॉलरपासून तुम्हाला कराराचा दर मिळतो, आणि 62,400 चे 23,800 होणे हे विम्याचेच काम होते. लसीकरण, ठरावीक तपासण्या आणि वार्षिक तपासणी यांसारख्या प्रतिबंधक सेवा नेटवर्कमध्ये विनामूल्य असतात. कित्येक योजनांत साध्या डॉक्टरभेटीला व जेनेरिक औषधांना डिडक्टिबल लागूच नसते, नुसता को-पे, म्हणजे दर वेळची ठरलेली रक्कम, असतो. पण मुख्य गोष्ट ही की विमा हा पहिल्या 7,000 साठी घ्यायचाच नसतो. तो सत्तर हजारांसाठी, सात लाखांसाठी घ्यायचा असतो. ब्राँझ योजनेत वर्षाचा हप्ता 19,800 आणि कुटुंबाची कमाल मर्यादा 18,400 धरली, तर नेटवर्कमध्ये उपचार घेताना वाईटात वाईट वर्षाचा खर्च 38,200 डॉलर होतो. फोनवरच्या योजनेचा वर्षाचा हप्ता 4,668 होतो खरा, पण वाईटात वाईट वर्षाच्या रकान्यात लिहायला आकडाच सापडत नाही.

आता कोब्राविषयी. 2,350 डॉलर पाहून धक्का बसणे साहजिक आहे, पण विमा महाग झालेला नाही. कंपनी आजवर आपल्या खिशातून भरत असलेला हिस्सा आता उघड झाला आहे, त्यावर जास्तीत जास्त दोन टक्के व्यवस्थापन खर्च. साधारणतः वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला नोकरी सुटल्यावर 18 महिने हा हक्क द्यावाच लागतो. तुमच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट अशी की कोब्रा म्हणजे नवी योजना नव्हे, जुनीच योजना पुढे चालू राहते. त्यामुळे यंदा भरलेले डिडक्टिबल आणि पूर्ण झालेली मर्यादा तशीच धरली जाते. मुलीची मर्यादा पूर्ण झाली आहे, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत तिची फिजिओथेरपी, एमआरआय, डॉक्टरांच्या भेटी, नेटवर्कमधले मान्य असलेले सारे तुम्हाला फुकट आहे. यजमानांच्या औषधांनी कुटुंबाचे डिडक्टिबलही भरले असल्याने बाकीच्यांना फक्त 20 टक्के वाटा पडतो. सप्टेंबरमध्ये नवी योजना घेतली तर मीटर शून्यावर येईल, आणि चार महिन्यांत जे काही डिडक्टिबल भराल ते 1 जानेवारीला पुन्हा शून्य होईल. चार महिन्यांसाठी कोब्राला 9,400 आणि ब्राँझला 6,600 लागतील. 2,800 डॉलरचा हा फरक मुलीच्या आठवड्यातून दोनदा होणाऱ्या फिजिओथेरपीत आणि यजमानांच्या तपासण्यांत सहज भरून निघेल. फक्त एवढे विचारून घ्या की तुमच्या कार्यालयाच्या योजनेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेच आहे ना. काही कंपन्यांचे ते जुलैपासून असते, आणि तसे असेल तर हा सगळा युक्तिवाद कोसळतो.

कोब्राचा हक्क कुटुंबातील प्रत्येकाला स्वतंत्र असतो. तेव्हा केवळ मुलगी आणि यजमान यांनीच कोब्रा घेतला तर हप्ता किती, हेही विचारा. तुम्ही आणि मुलगा निरोगी असाल तर चार महिन्यांपुरती मार्केटप्लेसची स्वस्त योजना तुम्हा दोघांना चालू शकेल. नोकरीचा विमा गेल्यापासून 60 दिवस तुम्हाला मार्केटप्लेसमध्ये विशेष नोंदणी करता येते, आणि विमा संपण्याआधीच अर्ज केला तर मध्ये खंडही पडत नाही.

कोब्रा निवडायलाही किमान 60 दिवस असतात आणि निवड पूर्वलक्षी असते, म्हणजे हप्ते मागच्या तारखेपासून भरले की संरक्षणही मागच्या तारखेपासून धरले जाते. म्हणून ‘काही झाले तरच घेऊ’ असे म्हणत काही जण थांबतात. निरोगी माणसाने तसे केले तर मी त्याला दोष देणार नाही, परंतु तुमच्याकडे दर आठवड्याला क्लेम जात आहेत. मधल्या काळात फार्मसीच्या आणि क्लिनिकच्या संगणकावर तुमचा विमा बंद दिसेल, सगळे रोख भरून मागाहून परताव्यासाठी भांडावे लागेल. थांबू नका. आणखी एक धोका असा की कोब्रा आपणहून मार्चमध्ये सोडला तर मार्केटप्लेसची विशेष नोंदणी त्या कारणाने मिळत नाही. तो सोडायचा तर खुल्या नोंदणीच्या वेळीच. ती 1 नोव्हेंबरला सुरू होते, आणि 15 डिसेंबरपर्यंत निवड केली तर 1 जानेवारीपासून संरक्षण मिळते.

जानेवारीचा आणखी एक फायदा उत्पन्नाचा आहे. मार्केटप्लेसच्या हप्त्यावर मिळणारी करसवलत त्या वर्षाच्या अंदाजित कौटुंबिक उत्पन्नावर ठरते. यंदाच्या उत्पन्नात आठ महिन्यांचा पगार आहे. पुढच्या वर्षी व्यवसायाचा निव्वळ नफा धरला जाईल आणि तो पहिल्या वर्षी कमी असण्याचीच शक्यता अधिक. मात्र 2021 पासून वाढवून दिलेली सवलत 2025 अखेरपर्यंतच होती, त्यामुळे परिचितांनी सांगितलेले जुने आकडे धरून चालू नका. त्या वर्षाचा आकडा संकेतस्थळावर उत्पन्न भरूनच पाहा. अंदाज फार कमी लावला तर कर भरताना सवलत परत करावी लागते. फारच कमी उत्पन्नाचेही टेक्ससमध्ये कौतुक नाही : या राज्याने मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तार केलेला नाही, त्यामुळे दारिद्र्यरेषेखालचे उत्पन्न दाखवले तर सामान्यतः सवलतही नाही आणि मोठ्यांना मेडिकेडही नाही.

योजना निवडताना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या नावांवर फार वेळ घालवू नका. सरासरी खर्चापैकी साधारण 60, 70 आणि 80 टक्के कंपनी उचलते, एवढाच त्यांचा अर्थ. डॉक्टरांच्या दर्जाशी संबंध नाही. टेक्ससमध्ये गोल्डचा हप्ता पुष्कळदा सिल्व्हरच्या आसपास, कधी कमीही असतो, म्हणून नियमित औषधे असलेल्या घराने गोल्ड जरूर तपासावी. वेळ घालवायचा तो नेटवर्कवर. टेक्ससमधल्या वैयक्तिक योजना बहुतांशी एचएमओ किंवा ईपीओ असतात, म्हणजे आणीबाणी सोडली तर नेटवर्कबाहेर त्या काहीच देत नाहीत, आणि बाहेर केलेला खर्च तुमच्या कमाल मर्यादेतही मोजला जात नाही. डॉक्टरच्या कार्यालयात ‘अमुक कंपनीचा विमा घेता का’ असे विचारू नका, कारण एकाच कंपनीची चार नेटवर्के असतात. योजनेचे पूर्ण नाव वाचून दाखवा आणि ‘या योजनेच्या नेटवर्कमध्ये आहात का’ असे विचारा. यजमानांची औषधे योजनेच्या यादीत कोणत्या स्तरावर आहेत आणि त्यांना प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे कंपनीची आधी परवानगी, लागते का, हेही त्याच दिवशी पाहून ठेवा. नेटवर्कमधल्या रुग्णालयात नेटवर्कबाहेरच्या भूलतज्ज्ञाने वेगळे बिल पाठवण्याचा जुना प्रकार 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नो सरप्राइझेस ॲक्टने बंद केला आहे. रस्त्यावरची रुग्णवाहिका मात्र त्या कायद्यातून वगळलेली आहे.

पुण्याला जाऊन उपचार घेण्याचा विचार गुडघ्याच्या नियोजित शस्त्रक्रियेपुरता किंवा दातांपुरता समजण्यासारखा आहे. पण हृदयविकाराचा झटका, मेंदूतील रक्तस्राव किंवा महामार्गावरचा अपघात विमानाच्या तिकिटाची वाट पाहत नाही, आणि मोठी बिले मुख्यतः त्यांचीच होतात. शिवाय भारतातील नियोजित उपचारांचा खर्च अशा योजना सहसा देत नाहीत आणि तो इथल्या मर्यादेत मोजलाही जात नाही.

सासू-सासऱ्यांना तुमच्या योजनेत घेता येणार नाही. पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी प्रवाशांचा विमा वेगळा घ्यावा लागतो. तिथेही ठरावीक रक्कम देणाऱ्या आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह अशा दोन जाती आहेत, आणि तिथेही स्वस्त दिसते ती पहिलीच असते. दुसरीच घ्या, पण तिच्यात कंपनीच्या देण्यावर एकूण मर्यादा असतेच आणि जुन्या आजारांवर नियमित उपचार जवळजवळ मिळत नाहीत, हे धरून चाला. त्यांची सहा महिन्यांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी नाशिकहून सोबत आणायला सांगा, आणि पॉलिसी त्यांच्या विमानप्रवासाच्या दिवसापासून सुरू होईल अशी घ्या.